उद्या रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणतेस

प्रिय बाळा,

सॉफ्टबॉलची कुठली टीम घेऊ हा तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला तेव्हा मी ओटा आवरत होते, ओल्या हातानेच फोन उचलला पण हे काही दोन ओळींत सांगायचं प्रकरण नाही, म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायला बसले. मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमध्ये मी फार शहाण्यासारखं लिहिते आणि खरं काय ते राहूनच जातं. शनिवारच्या मराठी शाळेत इतकी वर्षं गेलीस, वाचता येईल तुला. अडलं तर आईला विचार, पण आईने आधी वाचून तुला सारांश सांगायचा नाही, हे तिलाही सांग.

तर दोन ऑफर आहेत. एक तो मोठ्या नावाचा क्लब, ज्याची बॅकपॅक लावलेल्या पोरी एअरपोर्टवरसुद्धा ओळखू येतात, आणि दुसरी आपल्या फ्रीमाँटच्या जवळची टीम, जिचं नाव सॉफ्टबॉलवाल्यांशिवाय कुणी ऐकलेलं नाही. मोठ्या क्लबने ४८ तास दिलेत आणि त्यातले काही संपलेही. या घाईला आधी घाबरायचं सोड. ऑगस्टचे ट्रायआऊट (निवड चाचण्या) झाले की सगळेच असं करतात, त्यांनाही रोस्टर, म्हणजे टीमची यादी, भरायचं असतं. ज्या कोचला तू खरंच हवी असशील तो एक दिवस जास्त मागितलास तर देईल, आणि नाही दिला तर तेही कळलंच की.

आता माझ्या लेकीचं, म्हणजे तुझ्या ताईचं सांगते, कारण तुला आमच्या घरातून फक्त शेवट माहितीये, मधलं नाही. ताईच्या वेळी आम्ही (आम्ही म्हणजे मीच, काकाला उगाच मध्ये ओढत नाही) नाव बघून टीम घेतली होती. १६-यू ची, म्हणजे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलींची टीम, रोस्टरवर १७ पोरी. पहाटे पाचला निघायचं, अल्टामाँटच्या पवनचक्क्या अंधारात मागे टाकत मॅचसाठी मॅन्टेकाला पोचायचं, आईस चेस्ट, पॉप-अप तंबू, पोळीचे रोल, सगळं उतरवायचं, आणि मग दुपारच्या त्या भट्टीत आमची ताई, सेकंड बेसची खेळाडू, डगआऊटमध्ये (खेळाडू बसतात तिथे) उलट्या बादलीवर बसून पिचचा चार्ट भरतेय. चार्ट फार छान भरायची हो, रंगीत पेनं वगैरे. जुलैच्या शेवटी मी एका रात्री हिशोब मांडला, फी, हॉटेल, विमान, लेसन सगळं धरून वर्षाचे ११,००० डॉलर झाले होते आणि तिला अ‍ॅट-बॅट मिळाले होते, म्हणजे बॅटिंगला उभं राहायच्या खेपा, ४१. म्हणजे एका अ‍ॅट-बॅटला २६८ डॉलर! त्यातले निम्मे तर असे की टीम नऊ रनांनी पुढे आहे आणि कोच घड्याळाकडे बघतोय.

त्या कोचने आम्हाला फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. सेकंडला आधीच दोघी आहेत हे त्याने लपवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. का नाही विचारलं माहितीये? मी अमरावतीला शाळेच्या टीममध्ये सॉफ्टबॉल खेळले, तिथे निवड चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी बोर्डावर यादी लागायची, यादीत नाव असलं तर उड्या मारायच्या नसलं तर घरी जाऊन रडायचं, सरांना का आणि कसं विचारायची पद्धतच नव्हती. ते डोक्यात इतकं बसलंय की इथे आपण स्वतःचे पैसे देतोय, ग्राहक आहोत, तरी कोचसमोर गेलं की माझी मान आपोआप हलायला लागते, हो सर, येस कोच. तुझी आईही अशीच आहे, रागावू नको म्हणावं. म्हणून यावेळी विचारायचं काम तू करायचंस.

पहिला प्रश्न, किती कॅचर? तू कॅचर आहेस, बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी, एका वेळी मैदानात एकच जागा. वीकेंडला पाच-सहा मॅच असतात, उन्हात एकटी कॅचर मरून जाईल, म्हणून टीममध्ये दोन हव्यातच. तीन असतील तर त्यातली एक राईट फील्डला जाणार आणि ती नवीन आलेली असणार. दुसरं म्हणजे त्या दुसऱ्या कॅचरचं ग्रॅड इयर, म्हणजे शाळा संपायचं वर्ष, काय आहे. तू २०२९ ची, ती पण २०२९ ची असेल आणि हेड कोचच्या घरी तिचा फोटो असेल (म्हणजे ती त्याची मुलगी असेल, हे फार कॉमन आहे) तर नीट विचार कर. ती २०२८ ची असेल तर वेगळी गोष्ट, वर्षभर तिच्याकडून शिक, नंतर जागा तुझीच.

मग पिचर. लोक पिचर मोजतात ते जिंकायचं म्हणून, तू मोज ते तुझ्या स्वतःसाठी. कॅचर चांगली दिसते ती पिचरमुळे. ड्रॉप बॉल खरंच खाली पाडणारी, राईज टाकणारी अशी पिचर ४३ फुटांवरून टाकतेय आणि तू तो शांतपणे फ्रेम करतेस (अंपायरला स्ट्राईक वाटेल असा झेलतेस), हे बघायला कॉलेजचे कोच खुर्ची टाकून बसतात. पिचिंगच नसेल तर तू दिवसभर बॅकस्टॉपकडे पळत राहशील आणि टीम रविवारी सकाळी आठच्या मॅचलाच घरी. शनिवारी चार मॅच एकाच मुलीकडून काढून घेतो का कोच, हेही बघ. जो दुसऱ्याच्या मुलीच्या खांद्याची काळजी करत नाही तो तुझ्या गुडघ्यांची करेल असं मला वाटत नाही.

क्लबचं नाव ही एक गंमतच आहे. लोगो एक आणि टीम आठ. नॅशनल, प्रीमियर, गोल्ड, पुढे कोचचं आडनाव, सगळ्यांची जर्सी सारखीच. पीजीएफ नॅशनल्स या देशपातळीवरच्या स्पर्धेला नाहीतर कोलोरॅडोच्या मोठ्या शोकेसला (कॉलेजचे कोच बघायला येतात ती स्पर्धा) ज्या टीमचं नाव ऐकतेस ती त्यांच्यातली एक असते, आणि तुला ऑफर दिलेली टीम तीच आहे का, का तिची तिसरी बहीण आहे, हे ऑफरच्या ईमेलमध्ये अगदी नीट वाच. तू निवडतेस तो कोच, क्लब नाही. तो कोच पुढच्या वर्षी १८-यू ला जाणार असेल तर टीमच्या निम्म्या पोरी त्याच्याबरोबर जातात आणि मागे फक्त लोगो राहतो.

आता कॅलेंडर, कारण मला वाटतं तुझा खरा निर्णय इथे आहे. आत्ताच्या नियमाने डी-वनचे, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटाचे, कोच तुझ्याशी रिक्रूटिंगबद्दल (कॉलेज टीमसाठी निवडण्याबद्दल) १ सप्टेंबर २०२७ च्या आधी बोलूच शकत नाहीत, म्हणजे तुझं ज्युनियर इयर सुरू होईपर्यंत. २०१८ मध्ये हा नियम आला, त्याआधी आठवीतल्या पोरी कॉलेजला तोंडी कमिट व्हायच्या, शब्द देऊन टाकायच्या. आता काय होतं तर त्या रात्री बाराच्या ठोक्याला पोरींचे फोन वाजतात, किंवा वाजत नाहीत. डी-टू ची, त्याखालच्या गटाची, तारीख थोडी आधी, १५ जून २०२७. डी-थ्री (तिसरा गट) आणि एनएआयए (वेगळी कॉलेज संघटना) वाले कधीही उत्तर देऊ शकतात. याचा अर्थ तुला कुणी बघत नाही असा नाही, बघतात, वहीत नावं लिहितात. पण जे बघणं खरं कामाचं आहे ते २०२७ च्या उन्हाळ्यातलं. मग यावर्षी तुला चार हजार मैल विमानाने फिरवून बाकावर बसवणारी टीम कशाला हवी? यावर्षी तुला हव्यात इनिंग. स्टील करणाऱ्या (चोरून पुढच्या बेसला पळणाऱ्या) रनर हव्यात, कारण सेकंडला कुणी पळालंच नाही तर तुझा पॉप टाइम (बॉल झेलल्यापासून सेकंडला पोचवेपर्यंतचा वेळ) बघणार कोण आणि सुधारणार कसा. दोन्ही कोचना हे विचार, २०२७ च्या जून-जुलैत तुमची टीम कुठे खेळणार आहे आणि तेव्हा कोच तुम्हीच असणार का.

आणि कॉलेज कुठलं याचा विचार न करता टीम निवडणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी हॉल बुक करणं. तुझ्या भिंतीवर ओक्लाहोमाचं पोस्टर आहे, असू दे, सलग चार वर्षं, २०२१ ते २०२४, कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यात त्या, कुणालाही आवडतील. पण डी-वनचे सुमारे ३०० प्रोग्रॅम आहेत आणि डी-थ्री चे ४०० च्या वर. आज दुपारी एक काम कर. तुला खरंच राहायला, शिकायला आवडतील अशी दहा कॉलेजं लिही, बॉल नसता तरी गेले असते अशी. मग प्रत्येकाच्या सॉफ्टबॉल साईटवर रोस्टर उघड, पोरींच्या बायोमध्ये शाळा असते, बऱ्याचदा ट्रॅव्हल टीमही असते. कॅचर किती, कुठल्या राज्यातल्या, कुठल्या टीममधून आल्या, वहीत मांड. मग क्लबच्या पेजवर ज्या कमिटच्या पोस्ट आहेत ना, हातात कॉलेजची टोपी, फुगे, त्यातल्या दोन वर्षांपूर्वीच्या पाच-सहा मुली त्या कॉलेजच्या रोस्टरवर अजून आहेत का ते शोध. फुग्यांचा फोटो सगळे टाकतात, पुढचं कुणी टाकत नाही.

पैशाचं पण सरळ बोलूया. मंडळाच्या गणपतीत सगळ्या मावश्या म्हणतात, अगं हिला स्कॉलरशिपच मिळेल! डी-वन सॉफ्टबॉलला कित्येक वर्षं टीममागे १२ स्कॉलरशिप होत्या आणि त्या वीस-बावीस जणींत तुकडे करून वाटल्या जायच्या. २०२५ च्या कॉलेज-खेळांच्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर ती मर्यादा गेली, पण त्यात सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टरची मर्यादा आली, २५. वरून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायला निघालेल्या खेळाडूंची यादी. आपल्या इथल्या स्टॅनफर्डची निजारी कॅनडी २०२४ मध्ये टेक्सास टेकला गेली आणि पुढच्याच वर्षी ती टीम फायनलला. कोचला तयार खेळाडू मिळत असेल तर सतरा वर्षांच्या पोरीवर तो कशाला वाट बघत बसेल. डी-थ्री ला खेळाचे पैसे शून्य, आयव्हीलाही शून्य, पण तिथे कोचने तुझं नाव अ‍ॅडमिशन ऑफिसला सांगितलं आणि मार्क चांगले असले तर डी-थ्री ला मेरिट आणि नीडचे (घरची गरज बघून दिलेले), आयव्हीला फक्त नीडचे पैसे मिळतात, आणि ते बऱ्याचदा सॉफ्टबॉलच्या अर्ध्यामुर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त भरतात. ताईचं असंच झालं. डी-वन डी-टू साठी १६ कोअर कोर्स लागतात, डी-वनला २.३ जीपीए, हा आकडा ऐकून तुझी आई हसेल, पण तू हसू नकोस, दर गुरुवारी शाळा बुडवून फ्लाईट पकडणाऱ्या टीममध्ये केमिस्ट्रीचं काय होतं ते मी बघितलंय.

ताई दुसऱ्या वर्षी त्या टीममधून निघाली. छोट्या टीममध्ये गेली, १३ पोरी, रोज खेळायची, चुकायची, परत खेळायची. मॉर्गन हिलला एका शुक्रवारी एका कॉलेजची कोच समोरच्या टीमची शॉर्टस्टॉप बघायला आली होती, तिने ताईला एका स्ट्राईकआऊटनंतर (बाद झाल्यावर) डगआऊटमध्ये येऊन पुढच्या बॅटरला काहीतरी सांगताना बघितलं, आणि रात्री आमच्या कोचला फोन केला. बाई नंतर हसत म्हणाली, जाळीतून तिची आई पोळीचा रोल देत होती आणि ती नको नको करत होती, तेही बघितलं मी. तेव्हापासून मी डगआऊटच्या आसपास फिरकत नाही. ताई दोन वर्षं त्या कॉलेजकडून खेळली, मग खांदा गेला, तिसऱ्या वर्षी सोडलं. डिग्री मात्र तिथूनच घेतली.

माझं मत विचारशील तर मी जवळच्या टीमकडे झुकतेय, पण दोन गोष्टी कळल्याशिवाय नाही, पिचर दोन तरी आहेत का आणि तो कोच पोरींना कॉलेजच्या कोचना स्वतः ईमेल लिहायला लावतो का. मोठ्या क्लबच्या कोचने जर सांगितलं की कॅचर दोनच, दुसरी २०२८ ची, आणि तू अर्ध्या मॅच कॅच करशील, तर माझं मत फिरेल, मी हट्टी नाहीये. जमलं तर आज संध्याकाळी त्यांची प्रॅक्टिस लांबून बघ, पार्किंगच्या बाजूने, टोपी घालून. एखादीचा थ्रो सुटला की कोच काय करतो तेवढं बघ आणि मग कोचच्या तोंडाकडे नाही, त्या पोरीच्या तोंडाकडे बघ.

फोन तूच कर. आईला शेजारी बसव हवं तर, पण स्पीकर नको.

तुझी
मावशी

ता. क. ज्यांना नाही म्हणशील त्या कोचलाही फोनच कर, टेक्स्ट नको. ऑक्टोबरमध्ये मॉर्गन हिलला तोच समोरच्या डगआऊटमध्ये उभा असणार आहे, आणि पुढच्या ऑगस्टला कुणाला कॅचर लागेल काय सांगावं.