कालसममिती, आणि आपला 'परवा'

प्रश्न असा आहे: पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचं शास्त्र) वेगवेगळ्या मांडण्यांबद्दल मराठीत लिहिताना 'टाइम सिमेट्री'ला काय म्हणावं? कालसममिती, कालसमरूपता की कालप्रत्यावर्तन?

कालसममिती. 'समरूप' भूमितीतल्या त्रिकोणांनी आधीच अडवून ठेवलाय, आणि 'प्रत्यावर्ती' म्हटलं की विजेचा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. पण मला खटकतं ते यापुढचं वाक्य, जे हल्ली जिथेतिथे ऐकू येतं: 'पुंजयामिकीत कालसममिती असते, म्हणजे तिथे काळ उलटा वाहतो.' नाही हो! सममिती नियमाची असते. एखादा घटनाक्रम नियमात बसत असेल तर त्याचा उलटा क्रमही त्याच नियमात बसतो, एवढाच तिचा अर्थ.

आणि ही कल्पना मराठी माणसाला परकी का वाटावी? आपल्याकडे 'परवा' आहे! परवा आलो, परवा येईन. शब्द एकच, दिशा क्रियापदाची. मूळ संस्कृत 'परश्वः', म्हणजे उद्याच्या पलीकडचा दिवस, निव्वळ भविष्यातला. संस्कृतात कालसाठी 'ह्यः' आणि उद्यासाठी 'श्वः' अशी चोख वाटणी होती. मराठीने 'परश्वः' उचलला आणि त्याची दिशाच काढून टाकली. 'काल'ची गंमत तर याहून मोठी. तो काळवाचक 'काल'पासून आला असं बिनधास्त सांगितलं जातं, ते चूक आहे. तो आला 'कल्य'पासून, म्हणजे पहाट. 'कल्यम्' म्हणजे पहाटे, उद्या. प्राकृतात 'कल्ल' दोन्हीकडे चालू लागला, हिंदीच्या 'कल'ने दोन्ही बाजू राखल्या, मराठीत मात्र उद्याची पहाट थेट कालच्या दिवसात जाऊन बसली.

कोशांत 'परवा'खाली क्रमांक घालून दोन अर्थ देतात, ते मला अजिबात मान्य नाही. अर्थ एकच: आजपासून दोन दिवसांचं अंतर. दिशा शब्दात नाहीच, मग अर्थ दोन कसे?

'परवा आलो' हे वाक्य भविष्यात न्यायचं तर क्रियापदही बदलावं लागतं. सूक्ष्म कणाची स्थिती काळानुसार कशी बदलते ते सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या १९२६च्या समीकरणाचंही असंच आहे. त्यात नुसतं काळाचं चिन्ह उलटवून भागत नाही, सोबत काल्पनिक संख्येचंही (वजा एकच्या वर्गमूळाचंही) चिन्ह उलटवावं लागतं. हे भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने १९३२ साली दाखवलं.

मग सममिती मोडते कुठे? नेहमीच्या मांडणीत मापनापाशी: मापन झालं की तरंगफल (कणाच्या सगळ्या शक्यता सांगणारं गणिती फल) कोसळतं, म्हणजे एकच शक्यता उरते, आणि तेही फक्त पुढच्या दिशेने. अहारोनोव, बर्गमन आणि लेबोविट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४ साली इथेच बोट ठेवलं. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही मापनांची फळं ठरवून घ्या आणि मधल्या मापनाच्या शक्यता काढा, सूत्र दोन्ही टोकांना सारखंच वागवतं. समजा, एका इलेक्ट्रॉनचा स्पिन (कोणताही अक्ष धरून मोजला तरी दोनच उत्तरं देणारा त्याचा एक अंगभूत गुण) आधी उभ्या अक्षावर 'वर' मिळाला, नंतर आडव्या अक्षावर 'उजवीकडे', आणि मध्ये त्याला कशाचाच धक्का लागला नाही. मध्ये उभा अक्ष मोजला असता तर 'वर' नक्की, आडवा मोजला असता तर 'उजवीकडे' नक्की! एकट्या आधीच्या मापनावरून यातलं दुसरं उत्तर सांगताच आलं नसतं.

यावरून काही अभ्यासक भविष्य भूतकाळावर परिणाम करतं असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. हे सूत्र नेहमीच्या पुंजयामिकीतूनच निघतं, प्रयोगाचं भाकीत तसूभरही बदलत नाही. भौतिकशास्त्रज्ञ क्रेमरच्या १९८६च्या मांडणीत एक तरंग पुढे जातो, एक मागे येतो, पण तोही अर्थ लावण्याचाच एक मार्ग आहे.

आणि 'निसर्गात कालसममिती आहे' असं सरसकट लिहू नका. क्षीण बलाच्या (किरणोत्सारी बीटा-क्षयामागच्या मूलभूत बलाच्या) काही प्रक्रियांत ती मोडते. बी-मेसॉन या अल्पायुषी कणांवरच्या 'बाबर' (BaBar) प्रयोगाने ते २०१२ साली थेट दाखवलं.