सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतंय तरी काय?

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी पाच-सहा जणांकडून तरी ऐकलं असेल. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, डोकं जड असतं, डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. आणि मग माणूस माझ्यासमोर बसून हळूच विचारतो, "म्हणजे मीच कमकुवत आहे का मॅडम?"

नाही. आणि हे नुसता धीर द्यायला म्हणत नाहीये, का ते सांगण्यासाठी एका मुलीची गोष्ट लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदललेत आणि लिहायची परवानगी तिने स्वतः दिलीय.

वय 23, बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. पुण्यात एमपीएससीची तयारी करते, सदाशिव पेठेत एका खोलीत सहाजणी, कॉट बेसिसवर. सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिकेत. तिथेच एक दिवस हातपाय गार पडले आणि तिला वाटलं हार्ट अटॅक आला. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मैत्रिणींनी सांगितलं मेडिटेशन कर, पॉझिटिव्ह राहा. तिने ते आठवडाभर मनापासून केलंही, आणि त्यानेही बरं वाटेना तेव्हा ती जास्तच घाबरली, की आपल्याला साधं शांत बसताही येत नाही.

पहिल्याच दिवशी मी रिपोर्टची फाइल मागितली. मी समुपदेशन करते, डॉक्टर नाही, पण फाइल बघते, ही माझी जुनी सवय आहे आणि ती कामाला येते. हिमोग्लोबिन 9.4. बाईचं 12 च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमियाच म्हणतात. म्हणजे सगळं नॉर्मल नव्हतंच! तिला कोणीतरी म्हणालं होतं, बायकांचं एवढं असतंच. धडधड, दम लागणं, गळून जाणं, यातलं बरंचसं नुसत्या रक्ताच्या कमतरतेनेही होतं.

"जेवतेस काय?"

"डबा आहे ना मॅडम."

"दोन्ही वेळेला?"

बराच वेळ गप्प. एकच डबा होता, अर्धा दुपारी, अर्धा रात्री.

रक्ताच्या गोळ्या घे, डॉक्टरांना परत भेट असं सांगितलं तर हो म्हणाली आणि गेलीच नाही. तीन वेळा हेच झालं. मला वाटलं आळस नाही, यात दुसरं काहीतरी आहे. आणि माझ्या लक्षात आलं की ही मुलगी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलतेय, प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून. पुण्यात आल्यावर तिच्या बोलण्याला क्लासमध्ये हसले होते, तेव्हापासून. दिवसभर स्वतःच्या तोंडावर पहारा ठेवायचा, यातही माणूस थकतो, ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

मी म्हटलं, "घरी आईशी बोलतेस ना, तसंच बोल माझ्याशी. मला कळतं."

आधी हसली. मग जे बोलायला लागली ते थांबेचना. आईची गर्भाची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली होती, कॅन्सर होईल म्हणून भीती घातली. "म्हून म्या दवाखान्यात जात नाय मॅडम. गेलं की कायतरी काढूनच घेत्यात."

ही एका घराची गोष्ट नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली होती, बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा तिची भीती हा आजार नव्हता, ती तिची माहिती होती, फार महागात पडलेली.

आता ज्या क्षणासाठी हे सगळं लिहितेय तो. मी विचारलं, रविवारी दुपारी दोन तास पडत का नाहीस? एका क्षणात उत्तर आलं, "खाडा पडंल ना."

आणि दोघीही गप्प झालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तोडीला जाताना जोडपं मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतं, आणि आजारपणामुळे का होईना, एक दिवस काम चुकलं की तो खाडा, त्याचे पैसे कापले जातात. लहानपणी कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, तिने तापाने फणफणलेल्या आईला पहाटे उसाच्या फडात जाताना पाहिलंय. आणि यावर्षी तिच्या क्लासच्या फीसाठी वडलांनी जास्तीची उचल घेतली होती. म्हणजे तिच्या हिशोबात तिची प्रत्येक डुलकी आईबापाच्या खात्यावर चढत होती. मग झोप येईल कशी? बाकी सगळ्यांनी तिला शांत हो म्हणून सांगितलं होतं, पण शांत होण्याचा दंड किती ते कोणी विचारलंच नव्हतं. मला आजही बरं वाटतं की मी तो शब्द वाहून जाऊ दिला नाही.

माझं ठाम मत आहे की आरोग्य हे एकट्या माणसाच्या आत नसतं. 1967 साली लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल स्टडी. सगळे ऑफिसात बसणारे, पक्की नोकरी असलेले पुरुष, तरी हुद्द्याची एकेक पायरी खाली गेलं की हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढत गेलेले दिसले. पक्क्या नोकरीत ही गत, तर उचलीवर जगणाऱ्या घराचं काय होत असेल विचार करा.

म्हणून तुम्हाला किंवा तुमच्या घरात कोणाला असं होत असेल तर आधी रिपोर्ट स्वतः वाचा, हिमोग्लोबिन बघा, नॉर्मल म्हणजे नेमकं काय काय नॉर्मल ते डॉक्टरांना विचारा, त्यात लाजायचं काही नाही. मग स्वतःला विचारा, पोटभर कधी जेवले, खोलीत किती जण झोपतो, डोक्यावर कोणाचं देणं आहे, कुठे बोलताना भाषा, आडनाव, गाव लपवावं लागतं, आणि मी आज आराम केला तर कोण रागावेल? शेवटचा प्रश्न कागदावर लिहूनच काढा. समुपदेशनाच्या फीचे पैसे नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तिची उचल मी फेडू शकत नाही, हे मी तिलाही सांगितलं. पण डॉक्टरकडे मी सोबत गेले, आत जायच्या आधी तिने स्वतः विचारायचे प्रश्न लिहून घेतले. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या डब्याचं एका मैत्रिणीबरोबर वाटून जमवलं. रविवारच्या दोन तासांना आम्ही नाव दिलं, भरपगारी सुट्टी. पण पहिले दोन रविवार ती नुसती छताकडे बघत पडून राहिली, झोप नाहीच.

तिसऱ्या रविवारी तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, डब्याचं, धडधडीचं, खाड्याचं. आई फडातून नुकतीच आली होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही म्हणे, मग म्हणाली, "येडे, तुझा कुनी खाडा धरलाय? नीज."

त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत झोपली.