पान वेगळं दिसलं, पण प्रजाती नवी आहे का?

अळूच्या कुळातला एखादा वेल दिसला, पानावर चंदेरी नक्षी, आणि वाटलं ही नवीच प्रजाती. नक्षी सुरेखच आहे, पण तेवढ्यावर नवी प्रजाती म्हणायची घाई नको. या कुळातल्या वेलींची पानं भारी फसवी. मॉन्स्टेरा डेलिसिओसाच्या कोवळ्या रोपाला ना भोक ना चीर. तोच वेल झाडावर चढला की पानं फाटत जातात. म्हणून आधी फुलोऱ्याची वाट पाहा. मधला दांडा आणि त्याभोवतीचं आवरण मोजा, रंग ताजा असतानाच लिहून ठेवा, वाळल्यावर तो उडतो. मग एक बीजांडकोश (फुलातला, पुढे फळ होणारा भाग) ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली धरा: कप्पे किती, बीजांडं (पुढे बिया होणारे दाणे) कुठे चिकटलीत? याच कुळातल्या फिलोडेंड्रॉनमध्ये बरेचदा इथेच प्रजाती ओळखण्याचा धागा सापडतो. एखादा फुलोरा अल्कोहोलमध्येही ठेवा. वाळवायला दाबला की चपटा होऊन बसतो.

रोप विकत घेतलेलं असेल, तर तो दोन प्रजातींचा संकर असण्याची शंका आधी फेडा.

जंगलातून नमुना घ्यायचा तर परवाना हवाच. नव्या प्रजातीचं वर्णन २०१२ पासून इंग्रजीतही चालतं, लॅटिनची सक्ती गेली. पण प्रकार-नमुना (ज्यावर नवं नाव बेततं तो) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करावाच लागतो. आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, रोपचोर तुमच्याआधी पोचतील.