आहार-प्रश्नोत्तरे : लाइमच्या जंतूला उपाशी मारता येतं का?

प्रश्न : मी ५२ वर्षांची, शाकाहारी, न्यू जर्सीत राहते. जूनमध्ये परसात काम करताना मांडीला गोचीड चावली असावी. तेव्हा काही कळलं नाही, पण नंतर लाल, पसरत जाणारा चट्टा उठला. डॉक्टरांनी लाइम (गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग) सांगून दोन आठवडे डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक दिलं. चट्टा गेला, पण थकवा, गुडघेदुखी, हातापायांना मुंग्या आणि विसराळूपणा अजून आहे. ओळखीतल्या एका वेलनेस कोचने आहार लिहून दिलाय : गहू, दूध-दही, साखर, फळं बंद, लोह असलेले पदार्थही बंद, आणि जेवणाआधी स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीच्या अर्काचे थेंब. ‘जंतूला उपाशी मारायचं’ असं त्या म्हणतात. दोन महिन्यांत सहा किलो उतरले. पुढे चालू ठेवू का?

उत्तर : नको, आजच थांबवा. मी स्वतः आहारतज्ज्ञ, त्यामुळे हे सांगण्यात माझ्याच धंद्याचं नुकसान आहे. पण लाइमचा जंतू मारणारा स्वयंपाक अजून कोणाला जमलेला नाही. त्यावर औषध आहे ते अँटिबायोटिक, आणि ते तुम्ही घेतलंत.

उपाशी मारण्याचं तर्कट ऐकायला छान आहे. बोरेलिया बर्गडॉर्फेरी नावाचा हा मळसूत्री जंतू साखरेवर जगतो हेही खरं. पण ती तो तुमच्या ताटातून उचलत नाही, शरीरातून घेतो. तुम्ही निर्जळी एकादशी केलीत तरी यकृत आपला साठा सोडतं, नवी साखर बनवतं आणि रक्तातली पातळी राखतं, कारण मेंदूला ती लागतेच. जंतू उपाशी मरेल इतकी ती खाली गेली, तर त्याच्या आधी तुम्ही कोसळाल.

लोहाची गंमत तर याहून मोठी. बहुतेक जंतूंचं लोहावाचून अडतं, हा त्यातला अपवाद. २००० साली संशोधकांनी दाखवून दिलं की लोहाची कामं तो मँगनीजवर भागवतो. म्हणजे पालक-खजूर बंद करून उपास घडला तो तुम्हाला एकटीला. (आता कोणीतरी मँगनीजमुक्त आहार विकायला काढेल, तोही घेऊ नका.) स्टीव्हियाच्या अर्काने हा जंतू मेल्याचा प्रयोग झालाय खरा, पण परीक्षानळीत. तिथे तो फिनेलनेही मरेल.

अशा आहाराने बरं वाटलं म्हणणारे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. फरसाण, बिस्किटं आणि दिवसातून चार वेळा होणारा गोड चहा सुटला की कोणालाही हलकं वाटतं. शिवाय उपचारानंतर रेंगाळणारा हा त्रास बहुतेकांचा महिन्यांच्या हिशेबात हळूहळू ओसरतो, आणि श्रेय त्या वेळी जे पथ्य चालू असेल त्याला मिळतं. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना असा त्रास मागे राहतो. त्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहण्याचे प्रयोग अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये झाले. टिकणारा फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र झाले. डॉक्टरांकडे पटकन देण्यासारखं काही उरत नाही, म्हणून माणूस पथ्याकडे वळतो. हे मला समजतं.

तुमचा त्रास खोटा नाही. कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या पॉली मरे या बाईंनाही डॉक्टर ‘मनाचे खेळ’ असंच सुचवत आले होते. त्या घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याच्या नोंदी ठेवत राहिल्या. १९७५मध्ये त्यांनी आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याकडे तक्रार नेली, येल विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास सुरू केला, आणि १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात हा जंतू सापडला. तुम्हीही वही घाला. काय खाल्लं, किती झोपलात, मुंग्या केव्हा आल्या, गुडघा सुजतो की नुसता दुखतो, सगळं लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

माझं लक्ष खरं वेधलं ते तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांनी : शाकाहारी आणि मुंग्या. थकवा, मुंग्या, विसराळूपणा ही बी-१२ कमी असल्याचीही लक्षणं आहेत, आणि आपल्या शाकाहारी मंडळींत ही कमतरता घरोघरी सापडते. तुम्हाला बी-१२ मिळत होतं ते मुख्यतः दूध-दही-ताकातून, आणि कोचबाईंनी नेमकं तेच बंद केलं. यकृतातला साठा बरीच वर्षं पुरतो, त्यामुळे दोन महिन्यांत टंचाई झाली नसेल; असलीच तर ती आधीपासूनची असेल. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेत असाल तर शक्यता आणखी वाढते. तेव्हा बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढं तपासून मागा. लाइमची रक्तचाचणी पुन्हा करून ‘जंतू गेला का’ हे कळत नाही, कारण त्यातली प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. मुंग्या लाइमने नसांवर परिणाम केल्यामुळेही येतात, म्हणून डॉक्टरांना सांगणं टाळू नका. चेहरा एका बाजूला ओघळला, छातीत धडधड होऊन चक्कर आली किंवा गुडघा टम्म फुगला, तर वाट न बघता गाठा.

गव्हाबद्दल : सीलिअ‍ॅक या, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची शंका असेल तर चाचणीआधी काही आठवडे पोळी खात असावं लागतं, नाहीतर आजार असूनही चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तशी शंका नसेल आणि गहू सोसत असेल, तर खुशाल खा. सोडायचाच असेल तर दुकानातला महागडा ग्लूटेनफ्री ब्रेड कशाला? ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आहेच की.

आधी उतरलेलं वजन भरून काढा. सकाळी मूगडाळीचं धिरडं आणि दही. दुपारी भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून, वाटीभर ताक. चारला फळ आणि मूठभर शेंगदाणे. रात्री वरणभात किंवा पनीरची भाजी-पोळी. दुखऱ्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा आधार लागतो आणि स्नायूंना प्रथिनं, म्हणून डाळ-उसळीत काटकसर नको.

प्रश्न : मी साताऱ्याची. मुलगा कनेक्टिकटात शिकतो. त्याला गोचीड चावून लाइम झाला, डॉक्सीसायक्लीन चालू आहे. रात्री गोळीबरोबर हळदीचं दूध घे म्हटलं तर ‘फार्मसिस्टने दुधाबरोबर घेऊ नको सांगितलंय’ म्हणतो. एवढंसं दूध बाधेल का?

उत्तर : बाधणार नाही, पण फार्मसिस्टचं बरोबर आहे. दुधातलं कॅल्शियम गोळीला बांधून ठेवतं, मग ती पुरेशी शोषली जात नाही. गोळी आणि दूध यांत दोनेक तासांचं अंतर ठेवायला सांगा. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड याहून जास्त अडथळा करतात, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिका भाजते. उन्हातही जपावं. आणि पुन्हा गोचीड दिसलीच तर तूप, रॉकेल, काडेपेटी असले गावाकडचे उपाय नकोत. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघावं.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे, आता व्हर्जिनियात. उन्हाळ्यात गोचीड चावली. तेव्हापासून रविवारी मटण खाल्लं की मध्यरात्री अंगभर गांध्या उठतात. हाही लाइमच का?

उत्तर : लाइमची ही तऱ्हा नव्हे. तुमच्या भागात लोन स्टार नावाची वेगळी गोचीड आहे. ती चावल्यावर काहींना अल्फा-गॅल या साखरेची अ‍ॅलर्जी होते. ही साखर मटण, बीफ, पोर्कमध्ये असते; कोंबडी आणि माशांत नसते. त्रास खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी होतो, म्हणून जेवणाशी संबंध लवकर ध्यानात येत नाही. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. श्वास अडला किंवा घेरी आली तर थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. निदान होईपर्यंत मटण पूर्ण बंद, म्हणजे ‘फोडी बाजूला काढून नुसता रस्सा’ हेही नाही. पांढरा रस्सा मटणाच्याच अळणी पाण्यात होतो. काहींना दूध आणि जिलेटिनही सोसत नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर चिकनचा तांबडा करा.