अॅम्प्लिफायरमधील एका ईएल८४ पॉवर व्हॉल्व्हचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामधला) दोन समांतर व्हॉल्व्हना चालेल का?

नाही, सिंगल-एंडेड रचनेत (जिथे पुश-पुल जोडी नसते) दोन ईएल८४ समांतर जोडल्यास प्रायमरीचा (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याचा) इम्पीडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध, निम्मा, म्हणजे ५.२ ऐवजी २.६ किलोओहम लागतो आणि गाभ्याला दुप्पट डीसी प्रवाह सोसावा लागतो. डेटाशीटनुसार २५० व्होल्टवर प्रत्येक व्हॉल्व्हचा अॅनोड प्रवाह सुमारे ४८ मिलिअँपिअर असल्याने ट्रान्सफॉर्मर एअर गॅपचा (गाभ्यात बारीक फट असलेला, म्हणजे डीसीने गाभा संतृप्त होत नाही) आणि निदान १०० मिलिअँपिअर क्षमतेचा हवा. ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या टॅपला (स्पीकरसाठीच्या जोडणीला) ४ ओहमचा स्पीकर जोडून इम्पीडन्स निम्मा करता येतो हे खरे, मात्र डीसीची मर्यादा त्याने वाढत नाही आणि बास आधी बिघडतो. दोन व्हॉल्व्ह तंतोतंत सारखे क्वचितच मिळतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर (सुमारे १३५ ओहम) व त्याला समांतर बायपास कपॅसिटर द्यावा. ग्रिडच्या पिनेलगत प्रत्येकी एक स्टॉपर रेझिस्टरही (नको असलेली दोलने रोखणारा) लावावा.