नॉर्थ इंग्लंडमधले कामगार खरंच सिनेमात दाखवतात तसेच असतात का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश सिनेमात नॉर्थचा कामगार आला की पाऊस, विटांच्या घरांची रांग, बेकारी आणि पबमधली भांडणं एवढंच दिसतं, हे खरं किती? मी नऊ वर्षं यॉर्कशायरमधल्या बार्न्सली या जुन्या कोळसा खाणींच्या गावाजवळ राहते, फिजिओ आहे, जुन्या खाणकामगारांचे गुडघे आणि पाठी रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितेय.

पाऊस खरा आहे. विटांची घरंही खरी.

पण मला जे खटकतं ते वेगळंच. या कामगारांच्या सिनेमात कामगार काम करताना जवळजवळ दिसतच नाही! आठवून बघा, 'द फुल मॉन्टी' (१९९७) शेफिल्डचा, त्यात स्टीलवाले बेकार. 'बिली एलियट' (२०००) मध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप चालू. 'ब्रास्ड ऑफ' (१९९६) मध्ये खाण बंद व्हायला आलेली. 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) मधला न्यूकॅसलचा सुतार हार्ट अटॅकनंतर घरी, आणि भत्त्यासाठी हेलपाटे घालतोय. म्हणजे हातातलं काम गेलं की मग कॅमेरा येतो. दुःख खोटं नाहीये, पण बघणाऱ्याला वाटतं ही माणसं नुसती बसतात, चिडतात आणि पितात, त्यांना काय काय येत होतं ते कळतच नाही. (आपल्याकडे तरी काय, गिरणगाव म्हटलं की गोष्ट १९८२ च्या संपापासूनच सुरू होते.)

माझे एक पेशंट आजोबा पंधराव्या वर्षी खाणीत उतरले. ते म्हणतात, खाणीचं छत तोलणारा लोखंडी टेकू न सांगता दगा देतो, लाकडी टेकू आधी करकरतो, ती करकर ऐकून पळायचं की थांबायचं ते ठरवायचं. हे ऐकलं आणि मला बाबा आठवले. मी इचलकरंजीची, बाबा पॉवरलूमवर होते, चार माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचा ठोका चुकतोय ते त्यांना पाठमोरं कळायचं. लँकेशायरच्या गिरण्यांत तर त्या आवाजात बायका नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या, त्याला तिकडे 'मी-मॉइंग' म्हणतात. असलं काही पडद्यावर कितीसं येतं?

बायकांचं तर विचारूच नका. सिनेमात त्या शेगडीपाशी नाहीतर रडताना. खरं तर १९८४ मध्ये इथे बार्न्सलीतच बायकांनी खाणी बंद करण्याविरुद्ध संघटना उभी केली, संपकऱ्यांच्या घरांसाठी स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले.

दुसरं म्हणजे सुखाचा शेवट हवा असेल तर पोरगं लंडनला गेलंच पाहिजे. बिली बॅले शिकायला जातो, टाळ्या. मग मागे राहिले ते सगळे हरलेले का? बार्न्सलीजवळच्या ग्राइमथॉर्पच्या खाणकामगारांचा ब्रास बँड घ्या, 'ब्रास्ड ऑफ'ची गोष्ट ज्यावरून सुचली तो. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांची खाण बंद होणार असं जाहीर झालं आणि काही दिवसांतच त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. खाण १९९३ मध्ये गेली, बँड अजून वाजतोय.

आणि कॅमेरा १९८४ मध्येच अडकलाय. इंग्लंडची शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशायरमधली केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. आता इथली कामं म्हणजे वेअरहाऊस, कॉल सेंटर, म्हाताऱ्यांची देखभाल, पार्सल. त्यामुळे दिग्दर्शक केन लोच यांचा 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९) मला जास्त खरा वाटला, त्यात नवरा पार्सलची व्हॅन चालवतो, बायको घरोघरी जाऊन देखभाल करते आणि दोघं अख्खा सिनेमाभर कामच करत असतात.

एकच बघायचा असेल तर मात्र लोच यांचाच 'केस' (Kes, १९६९) बघा. बार्न्सलीतच शूट झालाय, पोरगा इथलाच. शाळेत त्याला सगळ्यांनी निकामी ठरवलंय, आणि तो वर्गात उभा राहून ससाणा कसा शिकवायचा ते सांगायला लागतो तेव्हा मास्तरही गप्प ऐकत बसतात. सबटायटल लावूनच बघा पण, पहिले सहा महिने पेशंटशी बोलताना मलाही सबटायटल हवी होती.