आयटी सोडून गावी जाऊ का?

"मॅडम, या लाइनमध्ये आता काही राम राहिला नाही." मी करिअरबद्दल सल्ला देते, आणि गेली दोन-तीन वर्षं हे वाक्य माझ्याकडे सारखं येतंय. म्हणणारा कधी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा असतो, कधी पंधरा वर्षं आयटीत काढलेला माणूस. प्रश्न तोच: कॉम्प्युटर सोडून दुसरं काही धरावं का? त्यातल्याच एका जोडप्याची ही हकिगत त्यांच्या परवानगीनं सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यातले पती छत्तीस वर्षांचे, मूळचे फलटणकडचे. हिंजवडीतल्या एका कंपनीत नऊ वर्षं टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम केलेलं. प्रोजेक्ट संपला आणि ते बेंचवर, म्हणजे काम नसताना नुसते पगारावर आले, त्याला दोन महिने होत आले होते. त्यातच जुलै 2025मध्ये टीसीएसनं 2 टक्के, म्हणजे सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या पदांवरची माणसं जास्त असतील असंही सांगितलं. यांची कंपनी वेगळी, पण बातमी वाचल्यापासून यांची झोप उडाली. दोन दिवस बसून लिहायच्या टेस्ट केसेस, म्हणजे काय काय तपासायचं त्याच्या याद्या, एआयच्या टूलनं तासाभरात काढून दिलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. "काही होत नाही, काळजी करू नका" असं मी म्हटलं नाही. भीती खरी होती.

त्यांनी दोन पर्याय आणले होते. एक, गावी धाकट्या भावाच्या गोठ्यात लक्ष घालायचं. दोन, मित्रासारखं शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करून घर चालवायचं. निर्णय मी सहसा समोरच्यावर सोडते, पण हा दुसरा पर्याय मी तिथल्या तिथे बाजूला ठेवायला सांगितला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच 2024मध्ये आकडे दिलेत: आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात गेले. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता भरायच्या पैशानं तिथे जायचं नसतं.

"मग सरकारी नोकरीसारखं पक्कं काय आहे?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांच्या पत्नीनं दिलं. "मी डी.एड. केलं ते पक्कं म्हणूनच ना?" त्या बारावीला असताना गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली होती. नोकरी हमखास, असं घरातले सगळे म्हणायचे. 2012मध्ये राज्यातली शिक्षक भरती थांबली आणि हातात पदविका घेऊन हजारो मुलंमुली घरी बसली. त्या आज एका खासगी शाळेत अठरा हजारांवर शिकवतात. पुढच्या वीस वर्षांत कोणती लाइन टिकेल हे मला सांगता येत नाही, आणि तसं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून लांब राहा असं मी प्रत्येकाला सांगते.

त्या दिवशी आम्ही वहीत फक्त घरखर्च लिहिला. हप्ता 45 हजार. किराणा, मुलीची शाळा, आईची औषधं वगैरे धरून महिन्याला 82 हजार. पत्नीचा पगार वजा केला तर कमी पडणार 64 हजार. बचत सहा लाख. म्हणजे उद्या नोकरी गेली तरी नऊ महिने घर चालेल. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या मनात पुढच्याच महिन्यात फ्लॅट जाणार होता. अशा वेळी मी आधी महिने मोजायला लावते, कारण मुदत माहीत नसली की माणूस घाईत चुकीची उडी मारतो.

गोठ्याचं काय ते गोठ्यातच कळणार होतं. मी त्यांना महिनाभर शनिवार-रविवार गावी जाऊन धारेपासून सगळं करायला सांगितलं. पहाटे साडेचारला उठायचं, दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) लागलेली चिठ्ठी घ्यायची, पेंडीचा हिशेब ठेवायचा. एका गाईला कासदाह झाला आणि तिचं दूध ओतून द्यावं लागलं. 2024मध्ये गाईच्या दुधाचे दर एवढे पडले होते की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, हे भावानं तेव्हाच त्यांच्या कानावर घातलं. शेवटी तो म्हणाला, "दादा, तू दर महिन्याला पैसे पाठवतोस म्हणून हा गोठा उभा आहे. तू इथे आलास तर दोघं मिळून बसू." हे बोलायला त्या भावाला धीर लागला असणार, आणि त्याचं मला आजही कौतुक वाटतं. दुग्धव्यवसाय वाईट नाही. पण आधीच एका घराला जेमतेम पुरणाऱ्या गोठ्यात दुसरं घर मावत नाही.

पुढच्या बैठकीत मी विचारलं, "फक्त तुम्हालाच सापडली, अशी एखादी चूक सांगा." आधी ते रिग्रेशन, ऑटोमेशन असं बायोडेटातलं बोलत राहिले. मग एकदम खुर्चीत पुढे सरकले. अमेरिकेतल्या एका वाहन विमा कंपनीचं काम होतं. बंद झालेला क्लेम पुन्हा उघडला की ग्राहकानं स्वतः सोसायची रक्कम, डिडक्टिबल, सिस्टिम दुसऱ्यांदा कापून घेत होती. प्रत्येक टेस्ट पास होत होती, कारण दोनदा कापणं चूक आहे असं लिहिलेलंच नव्हतं. यांना ते खटकलं, कारण सहा वर्षांत क्लेम कसा चालतो हे त्यांना पाठ झालं होतं. वीस मिनिटं ते विम्यावर बोलले. टेस्टिंग हा शब्द एकदाही आला नाही.

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली. बायोडेटात टूल्सची यादी खाली गेली आणि विमा वर आला. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन त्यांनी कर्जाची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली. हप्ता 41 हजारांच्या आसपास आला, एकूण व्याज मात्र वाढलं. कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबून न राहता घराची स्वतःची पॉलिसी काढली, कारण नोकरीबरोबर कंपनीचं संरक्षणही जातं. पाचव्या महिन्यात एचआरनं बोलावून राजीनामा मागितला. त्यांनी त्याच बैठकीत सही केली नाही. नोटीस पे, ग्रॅच्युइटी आणि रिलीव्हिंग लेटर यांचं लेखी मागितलं आणि ते हातात आल्यावरच राजीनामा दिला.

आता ते विम्याच्या क्लेमचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहेत. क्लेमवाल्यांना काय हवं ते प्रोग्रामरना नेमकं सांगायचं आणि एआयनं लिहिलेलं तपासायचं, हे त्यांचं काम. पगार पाचव्या हिश्श्यानं कमी झालाय. ही नोकरी किती वर्षं टिकेल, हे त्यांनाही ठाऊक नाही. दर महिन्याला काही रक्कम बाजूला पडते, आणि ती वर्षभराच्या खर्चाएवढी होईपर्यंत गाडी बदलायची नाही असं दोघांनी ठरवलंय.

मध्यंतरी ते बारावीतल्या चुलत पुतण्याला घेऊन आले: याला कॉम्प्युटरला घालू का? मी त्या मुलालाच विचारलं, कधी स्वतःहून प्रोग्राम लिहिलायस का? त्यानं गोठ्याच्या दुधाचा हिशेब ठेवणारं काहीतरी मोबाइलवर दाखवलं, बरंचसं अर्धवट. मी म्हटलं, हे पूर्ण कर, सुट्टीभर वापरून बघ, आणि त्यात मन रमलं तर इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या आधी ये.